साडूंची लोणच्याची बरणी

आमच्या साडूंइतकं जंतूंवर मनापासून प्रेम करणारा माणूस अख्ख्या खानदेशात सापडायचा नाही. ऐंशी-पंच्याऐंशीच्या त्या काळात ते धुळ्याला जनावरांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत होते. पिंप्राळ्यात आमच्या वास्तुशांतीला आले, तर भर पंगतीत शेजाऱ्यांना म्हणाले, "तुमच्याकडे म्हशी गाभडतात का हो?" शेजारी बासुंदीची वाटी तशीच ठेवून उठले. कुणाच्या मळ्यात धारोष्ण दूध पुढे आलं की हे "आधी उकळा" म्हणत आणि यजमानाचं तोंड उतरे. प्रयोगशाळेतल्या बशीत एखादा जंतू उगवला, की मात्र स्वारी कचेरीभर पेढे वाटायची.

सोनगीरच्या एका अक्कांना संध्याकाळी ताप चढायचा, सकाळी उतरायचा. सगळे हिवताप म्हणत होते. साडूंनी ब्रुसेला ओळखला, म्हणजे जनावरं गाभडवणारा आणि कच्च्या दुधातून माणसात येणारा जंतू. औषधाने ताप हटू लागला, पण जंतू आला कुणाकडून? अक्का घरच्या बकऱ्यांचं दूध कच्चंच प्यायच्या आणि शेजारच्या आबांच्या गायीचंही. गाय बिचारी तोवर मेली होती. बकऱ्यांची तपासणी धड हो म्हणेना, धड नाही. दोष बकऱ्यांवर आला तर त्या माराव्या लागणार, आणि अक्कांचं घर त्यांच्यावरच चालायचं. "भाऊ, मन्या बठ्ठ्या बकऱ्या चांगल्या शेतस. आबानी गायनाच रोग व्हई," अक्का पुन्हापुन्हा सांगत.

अक्कांचं औषधाआधीचं रक्त साडूंनी दोन बशांत पेरलं. गायीच्या जंतूला कोंडलेली हवा लागते, बकरीचा मोकळ्या हवेतही वाढतो. म्हणून घरची लोणच्याची बरणी पळवली, एक बशी आत ठेवली, आतली हवा कोंडावी म्हणून मेणबत्ती पेटवून झाकण घट्ट लावलं. दुसरी बशी मोकळ्या हवेत. मेहुणीबाईंना कळल्यावर त्या म्हणाल्या, "ती बरणी घरात आलीच, तर तुम्हीही तिच्यातच राहा!"

एरवी जंतूंना गोंजारणारे साडू या वेळी मोकळ्या बशीपुढे पुटपुटत होते, "वाढू नकोस बाबा." मला हसू आवरेना.

पण तो वाढला. दोन्ही बशांत.

त्या दिवशी पेढे आले नाहीत. सोनगीरला मीही बरोबर गेलो. एरवी तासभर बोलणारे साडू अक्कांच्या ओट्यावर चपलांकडे बघत बसले, आणि अक्कांना न सांगताच सगळं कळलं. त्यांनी आत जाऊन थोरल्या बकरीला सोडून आणलं आणि दावं साडूंच्या हातात दिलं.

"घे भाऊ, तूच ली जाय. पन सावलीमा बांधजो."

परतताना जीपमध्ये साडूंनी जंतूचं नावसुद्धा काढलं नाही. मला ते त्या दिवशी फार आवडले. पुढे ही हकिगत ते रंगवून सांगायचे, पण बरणीपर्यंतच. मग कुणीतरी विचारायचं, "आणि अक्का?" ते म्हणायचे, "बऱ्या झाल्या," आणि उठून बाहेर जायचे.