मीटिंगच्या वहीतली ती एक ओळ

मंडळी, आज दुपारी जे झालं ते सांगते. 

युसूफवडगाव गावाजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मी ऑफिस सांभाळते. मीटिंगमध्ये कोण काय बोललं ते वहीत उतरवायचं काम नऊ वर्षं माझ्याकडेच आहे. आज कापसाच्या हंगामाची पहिली मीटिंग होती. उद्या सकाळी मशीन सुरू करायचं ठरलं.

शेवटी मी लिहिलेलं वाचून दाखवायला लागले आणि मधेच थांबले. माझ्याच अक्षरात ओळ होती, "सलीमभाई : तीन नंबरचा पट्टा बगितल्याबिगर मशीन लावू नका."

सलीमभाई आमचे जुने मेकॅनिक. तीन महिन्यांपूर्वी वारले.

मालक म्हणाले, "मॅडम, हे कुनी सांगितलं तुमाला?"

"कुणीच नाही. कधी लिहिलं तेही आठवत नाही."

सगळे उठून तीन नंबरच्या मशीनपाशी गेलो. झाकण काढलं तर पट्टा आतून अर्धा फाटलेला. उद्या तिथं चार बाया कापूस टाकायला उभ्या राहणार होत्या.

परत येताना मी फोरमनला म्हटलं, "इतकी वर्षं त्यांचं बोलणं लिहून हाताला सवय लागली असेल."

तो हळूच बोलला, "सवय कशाची, ताई? मीटिंगमदी त्यांचा आवाज मलाबी आला."

उद्या त्या पानावर सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या आहेत. तुम्हीच सांगा, हजर असलेल्यांत सलीमभाईंचं नाव लिहू का?