बुडालेल्या गावावरून शिडाची होडी

गाडीच्या टपावर शिडाची होडी बांधून पुण्याहून वाशीम जिल्ह्यात येणारा माणूस वेडाच असणार, हे शेलूबाजारच्या चहावाल्याने तोंडावरच सांगितलं. "समुद्र तिकडं, अन् होडी इकडं काहून आनली भाऊ?" आठवडाभर पडद्यासमोर बसणाऱ्या प्रोग्रॅमरला सुट्टीत वारा लागतो, एवढंच मी म्हणालो.

खरं कारण वेगळं होतं. माझ्या ऑफिसातल्या वैशालीचं लग्न ठरलं होतं. तिचे वडील रामरावकाका यांचं जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली आहे. काकांचे वडील, म्हणजे आबा, पाणी येण्याआधी तिथल्याच घरात वारले. त्या गावच्या लोकांची रीत अशी, की लग्नाचं पहिलं आमंत्रण पाण्यावर जाऊन जुन्या घराला आणि तिथे वारलेल्यांना द्यायचं. आणि गावावर आलं की वल्ही उचलून ठेवायची.

"आपल्याच घरावर काठ्या कोन मारते?" काका म्हणाले.

म्हणून शीड हवं होतं. आबा आल्याशिवाय लेकीला हळद लावायची नाही, हे काकांनी पक्कं ठरवलं होतं.

काकूंनी रोडगे (गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याची भाजी आग्रहाने वाढली. पोट तुडुंब भरल्यावर आम्ही पाण्यावर गेलो.

दुपार होती. गावाचा जुना नकाशा मी ब्राउझरच्या एका पानावर, आजच्या नकाशावर चढवला होता, त्यावर लॅपटॉप, म्हणजे आत्ता होडी, कुठे आहे ते दाखवणारा एक निळा ठिपका. लॅपटॉप काकांच्या मांडीवर आणि सुकाणू माझ्या हातात. चहूकडे नुसतं मातकट पाणी, आणि काका बोलत होते, "हा पार. हे सुताराचं घर. आता उजवीकडं वळवा, बोळ हाय." मोकळ्या पाण्यात मी बोळातून वळलो.

ठिपका घराच्या दारात आला आणि वारा पडला. शीड लोंबलं. पाण्यावर बगळाही नव्हता.

काकांनी हळदीच्या अक्षता सोडल्या. "आबा, वैशूचं लगन हाय. चाला आमच्यासंगं."

त्या शांततेची मला भीती वाटली. भीती वाटली की मी जास्त बोलतो. "आणि आबा, पुण्याला आलात तर आमच्याकडेही या हं!" मी म्हणालो. आम्ही शहरातले लोक हे निरोप घेताना म्हणतो. कुणी येणार नाही, या भरवशावरच म्हणतो.

काकांचा चेहरा उतरला. "असं बोलू नोका. आमच्या इकडं बोलावलं की मानूस येते."

तेवढ्यात होडी डावीकडे कलली. शीड अजून लोंबतच होतं. मी सवयीने होडीच्या उजव्या कडेला सरकून तोल सांभाळला. काकांनी त्या रिकाम्या बाजूकडे पाहून हात जोडले. मग वारा आला. काठापर्यंत मी तसाच उजवीकडे बसून होतो.

लग्नाला थांबायला रजा नव्हती. पुण्याला परतलो, लॅपटॉप उघडला. ब्राउझरची मला आवडणारी खोड अशी, की तो बंद केलेलं विसरत नाही. मागची पानं परत उघडू का, विचारतो. मी हो म्हटलं. नकाशाचं पान उघडलं. त्यावर आता माझी सोसायटी, माझी इमारत, आणि निळे ठिपके दोन, अगदी शेजारी. मीच लिहिलेला प्रोग्रॅम ओळ न् ओळ तपासला. त्यात एकच ठिपका काढायची सोय होती.

तेवढ्यात काकांचा फोन आला. आवाज खोल गेला होता. "उद्या हळद हाय. आबाचं ताट मांडून पाह्यलं, पन बाजूचा दिवा टिकतच नाई. ते आले नाईत." मग थांबून, संकोचाने, "तुमच्याकडं तं नाई ना आले?"

मला हसता आलं नाही. बारीकसारीक गोष्टींची कारणं शोधण्यात माझा जन्म गेला, पण एका बापाला काय उत्तर द्यायचं, हे मला तेव्हा अगदी स्पष्ट कळलं.

"घेऊन येतो, काका," मी म्हणालो.

रजा मागितलीच नाही. खाली येऊन गाडीचं डावं दार उघडलं, सीटवरचा पसारा मागे टाकला. "चला आबा," म्हणालो आणि दार लावलं. होडीशिवाय गाडी बोडकी दिसत होती.

गाडी सुरू केली, तशी ती टुंग टुंग करू लागली. माझा पट्टा लावलेला होता. मी वाकून शेजारच्या सीटचा पट्टा लावला. आवाज थांबला, आणि आम्ही निघालो.