त्या दुपारी झील कुणी धरली?

आमच्या घरात देवरुषी, भूतखेत असलं काही चालायचं नाही. बावीस प्रतिज्ञांवर वाढलेली मुलगी मी... त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण मनात ठेवून ठेवून दमलेय आता.

मी सिंगापूरमध्ये सोल गाते, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं. ऑर्चर्ड रोडवरच्या एका हॉटेलच्या लाउंजमध्ये, शनिवार-रविवार दुपारी, हाय-टीच्या वेळी. चौदा वर्षं झाली. लोक केक खातात, मी जीव तोडून गाते – चाललंय आपलं.

गळा मात्र घडला तो परभणीत, बाबांच्या भीमजलशात. मी पुढे गायचे, मागे झील धरायला सुमनआत्या. माझा दम संपला की मी डावा हात मागे करायचा, आत्याने ओळ उचलायची. ऐकणाऱ्याला सांधा कळायचा नाही. ओळीशेवटी थांबायची ती खोड इथेही गेली नाही. आमचा कीबोर्डवाला डॅरेन त्याच्या सिंगापुरी इंग्रजीत वैतागतो, "स्टॉप फॉर व्हॉट? बिहाइंड गॉट नोबडी, लाह!"

गेल्या वर्षी स्वरतंतूंवर गाठी आल्या. इथल्या नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन केलं, पण वरचे सूर परत येतील याची खात्री दिली नाही. त्या दुपारी त्यानंतरचा माझा पहिलाच शो होता. हॉटेलचा नवा मॅनेजर समोरच बसून फोनवर रेकॉर्ड करत होता. मला ठेवायचं की काढायचं, हे तो त्यावरून ठरवणार होता.

साडेचार वाजता, शेवटच्या गाण्यात वरची ओळ आली आणि गळ्यातून नुसती हवा निघाली. हात आपोआप मागे गेला.

आणि ओळ उचलली गेली... मागून. भरदार, किंचित खरखरीत, बाईचा आवाज. माझं तोंड मिटलेलं होतं. वळून बघते तर मागे पडदा आणि एक रिकामी खुर्ची.

संध्याकाळी आत्येभावाचा, संजूचा फोन आला. अर्धांगवायूने आत्याची वाचा जाऊन दोन वर्षं झाली होती.

"ताई, आई गायली गं आज! दुपारी दोनला. एकच ओळ, पण काय आवाज लागला होता!"

तिकडचे दोन म्हणजे आमचे साडेचार.

मॅनेजरच्या रेकॉर्डिंगमध्ये तो सूर स्वच्छ ऐकू येतो. त्यावरच माझं काम टिकलं. 'तो आवाज माझा नव्हता' असं मी त्याला सांगून पाहिलं. तो हसला, "डोन्ट बी सो हम्बल, लाह." नवरा म्हणतो, स्पीकरचा काहीतरी घोळ असणार. असेलही. मला अजून काही उलगडलेलं नाही.

आत्या त्यानंतर पुन्हा गप्प झाली. मागच्या रविवारी संजू म्हणाला, "तू गा ना, बोलेल ती." त्याने फोन तिच्या कानाशी धरला. मी गायले, वरच्या ओळीशी थांबले. पलीकडे नुसता पंखा फिरत होता. मग ती ओळ मीच ओढली, फाटक्या आवाजात, शेवटपर्यंत.

"ताई, हळू," संजू कुजबुजला. "आई झोपली. कित्येक दिवसांनी अशी गाढ झोपलीय."

मी फोन ठेवला नाही. तिचा श्वास ऐकत बसून राहिले.