फळ्यावरचा गुन्हा

पोलीस खात्यात भरती झाले तेव्हा चोर पकडायची स्वप्नं पाहत होते. दौंडला आल्यावर माझ्याकडं शाळांचं काम आलं. अधूनमधून जायचं, मुलींशी बोलायचं, मदतीचा नंबर सांगायचा, एवढंच. पण एका मुख्याध्यापकांना मी फारच आवडले. केस वाढवलेली पोरं, उशिरा येणारी पोरं, वर्गात शिट्टी मारणारी पोरं, सगळ्यांसाठी त्यांचा मला फोन. छडी बंद झाली होती. तिच्या जागी मी होते.

एकदा ‘गंभीर प्रकार’ म्हणून बोलावलं. नववीतल्या एका मुलीनं फळ्यावर लिहिलं होतं, ‘सर झोपलेत, हळू बोला.’

“शाळेच्या मालमत्तेचं विद्रूपीकरण आहे हे, मॅडम.”

“खडूनंच लिहिलंय ना, सर?”

“हो, पण अक्षर ठळक आहे.”

“आणि ते सर खरंच झोपले होते?”

“तो वेगळा विषय आहे.”

मुलगी दाराशी उभी होती. मी तिला दोन शब्दांत समजावलं आणि निघाले.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेतच येईना. मी रेल्वे कॉलनीत तिच्या घरी गेले, तेही वर्दीत, पोलीस गाडी दारात लावून. आजूबाजूच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. तिच्या आईनं हातच जोडले, “आता आनखी काय केलं हो हिनं?”

मग सुटीच्या दिवशी साडी नेसून गेले. कुणी ढुंकून पाहिलं नाही. चहासुद्धा मिळाला. तिचे वडील रुळांच्या कामावर होते. म्हणाले, “ताई, पोरीला रेल्वेत लावायची व्हती. पोलिसात नाव गेलं, आता कसली नोकरी?”

“अहो, नाव कुठंच गेलं नाही. गुन्हाच नाही काही.”

“मंग तुम्ही आलता कशाला शाळंत?”



यापुढं असल्या कामाला येणार नाही, असं मी मुख्याध्यापकांना सांगितलं. त्यांनी माझ्या साहेबांकडं तक्रार केली. या सगळ्या प्रकरणात लेखी समज मिळाली ती मला एकटीला.

मुलगी शाळेत परत आली. माझ्या नेहमीच्या फेरीला शाळेत गेले तेव्हा मधल्या सुटीत मी तिच्याजवळ गेले, तर ती डबा तसाच ठेवून ताडकन उभी राहिली.

“बस गं, जेव.”

“नको मॅडम,” ती म्हणाली, “भूक न्हाई.”