मामांची सावकाश इटली

आठ दिवसांच्या सहलीची आखणी करायला चार वर्षं लावणारा माणूस अख्ख्या जर्मनीत एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा हे माझं भाग्य. बेत साधा होता. इटलीतल्या लहान लहान गावांतून गाडीने सावकाश हिंडायचं. पण मामांच्या हाती पडल्यावर त्या बेताला फाइल आली, फाइलला रंगीत चिठ्ठ्या आल्या, आणि दर उन्हाळ्यात तो बेत पुढच्या उन्हाळ्यावर जाऊन बसू लागला.

मामा तीस वर्षं नेकारसुल्मजवळ ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत आहेत. गाडी थांबते की नाही हे बघायला तिथे दुसरी माणसं आहेत; ती थांबताना किंचाळते का, कुरकुरते का, हे मामांनी ऐकायचं. "माणसं मरणाला भीत नाहीत हो, पण चाक वाजलं की लगेच तक्रार करतात," असं ते म्हणायचे. या नोकरीने त्यांचा कान असा तयार झाला होता की आम्ही एश्बॉर्नच्या आमच्या घरून त्यांच्याकडे पोचलो की 'या, बसा'च्या आधी बाल्कनीतून आवाज यायचा, "जावईबापू, डावं मागचं चाक!" आणि गॅरेजवाला तेच चाक काढून दाखवायचा. भिंतीपलीकडच्या जर्मन आजींच्या वॉशिंग मशीनचं बेअरिंग जाणार हे त्यांनी आजींना पंधरा दिवस आधी जाऊन सांगितलं. आजी रागावल्या. पंधरा दिवसांनी केक घेऊन आल्या. कुकरच्या शिट्टीवरून मामा रिंगचं वय सांगत. मामी तर म्हणतात, "हे मला बघायला आले तेव्हा माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. वर मान करून बसले होते. मला वाटलं लाजतायत. चहा झाल्यावर माझ्या बाबांना म्हणाले, तुमच्या पंख्याचा एक स्क्रू सैल आहे. बाबा नंतर मला म्हणाले, स्क्रू पंख्याचा नाही."

अशा माणसाची इटलीही कानांनीच ठरणार. ज्या गावात बघण्यासारखं काही आहे ते गाव पहिल्याच फेरीत बाद. जिथे टूरिस्ट बस उभी करायला जागा आहे, तेही बाद. उरलेल्या गावांमधून दिवसाला फक्त सत्तर किलोमीटर, तेही खिडक्या उघड्या ठेवून. मी एकदा म्हटलं, "मामा, सत्तर किलोमीटर म्हणजे तासाभराचं काम." त्यावर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "आल्झो, म्हणजे असं बघा जावईबापू, तासाभरात पोचायला ऑफिस आहे की. इथे दिवसभर जायचं."

त्यासाठी ते दोन हिवाळे संध्याकाळच्या इटालियनच्या वर्गाला गेले. बाकीचे विद्यार्थी जेवण मागवायला शिकत होते, मामा बाईंना 'खडखड', 'घरघर' आणि 'चर्र'ला इटालियनमध्ये काय म्हणतात ते विचारत. बाईंनी शेवटी हात जोडले. मग मामांनी त्या अर्ध्यामुर्ध्या भाषेत लहान लहान हॉटेलांना पत्रं लिहिली. प्रश्न तीनच: चर्चची घंटा पाव तासालाही वाजते का, दुपारी दुकानांची शटरं किती वाजता खाली येतात, आणि खोलीच्या खिडकीखाली खडी आहे की फरशी. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. दोघांनी खोल्या शिल्लक नाहीत असं कळवलं, आणि एकाने तर, 'आपल्याला नक्की काय हवं आहे?' असं जरा घाबरूनच विचारलं.

सगळं जमत आलं की काहीतरी आडवं यायचं. एका वर्षी ऑफिसात गाडीचं नवीन मॉडेल आलं, एका वर्षी मामींच्या आईचा व्हिसा, एका वर्षी गुडघा. रजेचा अर्ज भरायचा आणि मागे घ्यायचा, यात मामा इतके तरबेज झाले की आम्ही घरात न होणाऱ्या प्रत्येक गोष्टीला 'इटली' म्हणू लागलो. बाल्कनीला रंग द्यायचा कधी? इटली.

गेल्या मार्चमध्ये एका रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. मामींनी मला आणि मामांना ब्रेड आणायला पिटाळलं. माझ्या गाडीचे ब्रेक आठवडाभर वाजत होते, आम्ही पोचलो तेव्हा मामा बाल्कनीत नव्हते, पण आता ते काय बोलतील म्हणून मी मनातून शरमलो होतो. त्यांच्या घराखालच्या उतारावर सिग्नल लागला. मी ब्रेक दाबला आणि गाडी अशी किंचाळली की रस्ता ओलांडणारी बाई दचकून मागे सरली. मामा शांतपणे बोलत होते, "...तर तिसऱ्या दिवशी आपण नदीकाठचा रस्ता घ्यायचा..."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. त्यांनी ती बाई बघितली, माझा चेहरा बघितला, आणि बोलायचं थांबले.

"वाजला?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"आठवडा झाला, मामा."

सिग्नल हिरवा झाला. बरंच पुढे गेल्यावर ते म्हणाले, "उंच आवाज आधी जातात. वर्ष झालं. ऑफिसात आता रिपोर्ट लिहायला बसवलंय मला. डॉक्टर कानाला मशीन लावा म्हणतात. मशीनमधून ऐकणं म्हणजे फोटोतलं जेवण. तिकडे जायचं, खिडकी उघडायची, आणि काहीच ऐकू आलं नाही तर? त्यापेक्षा पुढच्या वर्षी जाऊ म्हटलं. हिला सांगू नका."

घरी आल्यावर मी ब्रेड ठेवायला स्वयंपाकघरात गेलो. मामींनी दार लोटलं. "कळलं ना तुम्हाला? उतारावरचा ब्रेक इथवर ऐकू आला."

मी ब्रेडची पिशवी उलगडू लागलो.

"सांगू नका म्हणाले असतील. वर्षभर मी कुकरच्या शिट्ट्या मोठ्याने मोजते. तीन झाल्या हं, चार झाल्या हं. त्यांना वाटतं मी विसरभोळी झालेय." त्यांनी पदराने गॅसजवळचा थेंब पुसला, जो तिथे नव्हताच. "मला माहीत आहे हे त्यांना सांगू नका."

आता या घरात दोन माणसं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होती, आणि मी दोघांनाही शब्द देऊन बसलो होतो. पण जेवताना मामींनी भात वाढता वाढता जाहीर केलं, "अहो, मे महिन्यात जायचं. अर्ज उद्याच भरा. गाडी जावई चालवतील." मामांनी गुडघा, पाऊस, नवीन मॉडेल असं सगळं काढून बघितलं. मामींनी फक्त आणखी भात वाढला.

बायकोला रजा मिळाली नाही, म्हणून आम्ही तिघंच निघालो. अर्थात ब्रेक पॅड नवे बसवून. पहिल्या दोन गावांत मामा सकाळपासून खिडकीत उभे. घंटा त्यांना ऐकू येत होती, शटरांची घरघर ऐकू येत होती. प्रत्येक वेळी ते मान डोलवून आमच्याकडे बघत, परीक्षेत पास झालेल्या मुलासारखे. बाकीचा वेळ मात्र फार बोलत नव्हते.

तिसऱ्या गावात दुपारी आम्ही चौकातल्या बाकावर बसलो. दुकानं बंद झाली होती, चौकात चिटपाखरू नव्हतं. मामा कितीतरी वेळ मान तिरकी करून बसले. मग माझ्यादेखत, अगदी सरळ त्यांनी विचारलं, "अगं, आता काय वाजतंय?"

मामींनी नवल दाखवलं नाही, की 'म्हणजे काय' असंही विचारलं नाही. जरा कान दिला आणि म्हणाल्या, "वरच्या घरात कुणीतरी ताटं मांडतंय. चमचा पडला. बाई कुणावर तरी रागावली... नाही, हसतेय."

"आणि?"

"पाकोळ्या. त्या बघा, घंटेपाशी. खूप ओरडतायत."

"कशा?"

मामी थबकल्या. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात आवाजाबद्दल त्यांचं मत कुणी विचारलं नव्हतं. "ओल्या बोटाने काच घासल्यासारख्या," त्या म्हणाल्या.

"गेनाऊ," मामा हळूच म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. "अश्शाच असतात त्या."

पुढची पाच गावं आम्ही बघितली नाहीत. फाइल गाडीच्या डिकीतच राहिली. आम्ही त्याच गावात राहिलो. सकाळ-संध्याकाळ ती दोघं त्या बाकावर, आणि मी जरा लांब कॉफी घेऊन. लांबून बघणाऱ्याला वाटावं, ही बाई नवऱ्याला गावातल्या कुणाची तरी चुगली सांगतेय.

परत निघालो त्या सकाळी मामा पुढे माझ्या शेजारी बसले नाहीत, मामींजवळ मागे बसले. डोंगर उतरून मोठ्या रस्त्याला लागल्यावर मी आरशात बघितलं. मामी काहीतरी सांगत होत्या, आणि मामा त्यांच्याकडे झुकून, कपाळाला आठी घालून, एखाद्या नव्या गाडीचं ऐकावं तसं ऐकत होते. शेजारून ट्रक जात होते, वारा आत येत होता. मामींना आवाज चढवावा लागू नये म्हणून मी चारही खिडक्या वर केल्या, आणि गाडी ट्रकांच्या रांगेत, सगळ्यात सावकाश लेनमध्ये घेतली.