चित्राची पाठ दाखविण्याबाबत

अर्जदार: शुक्रवार पेठेतील एक वृद्ध गृहस्थ, चादरींची नक्षी चौकटीच्या कागदावर काढून देणारे. नाव पेठेत सर्वांस ठाऊक असल्याने नमूद केलेले नाही; आम्ही त्यांस अण्णा म्हणत असू.
दिनांक: पुष्कळसे सोमवार व मोजके मंगळवार.
साक्षीदार: संग्रहालयाचे पहारेकरी बसवराज, समोरच्या चहावाल्या शांताबाई, आणि मी स्वतः, कचेरीबाहेर टेबल टाकून अर्ज लिहिणारा.

"पाठ दाखवा की!" हे अण्णांचे जगातील प्रत्येक वस्तूस उद्देशून निवेदन होते. चादरीतील खोट पाठीवर सापडते, एवढ्या अनुभवावर त्यांनी आयुष्य काढले. लग्नपत्रिका ते मागून वाचत. शांताबाईंची बशीसुद्धा उलटवून पाहत.

"अण्णा, बशीला काय नक्षी हाय का?" बाई विचारीत.

"नसली तरी बघावं की!"

वाचकहो, आता मूळ प्रकरण. अण्णा लहान असताना त्यांच्या माडीवर एक तरुण चित्रकार भाड्याने राहत असे. त्याने रहाटावर सुताच्या कांड्या भरीत बसलेल्या अण्णांच्या आईचे चित्र काढले आणि मागे तिचे नाव लिहिले. पुढे तो आधुनिक चित्रकार म्हणून मोठा झाला. आई लवकर गेली. तिचा एकही फोटो नाही. सबब, ते चित्र शोधणे अण्णांस आवश्यक वाटले.

पहिल्या संग्रहालयात केवळ दगडी मूर्ती निघाल्या. अण्णांनी त्यांच्याही मागे जाऊन पाहिले.

दुसऱ्या संग्रहालयात त्या चित्रकाराची चित्रे आहेत, असे कळले. परंतु अण्णांची सुटी सोमवारी आणि संग्रहालयाचीही सोमवारीच. कामावर खाडा करणे त्यांच्या स्वभावात नव्हते. आम्ही कित्येक सोमवार कुलूप पाहून परतलो. ते कुलूपही त्यांनी उलटवून पाहिले. अखेर मी पोटदुखीचा रजेचा अर्ज असा काही लिहिला, की कारखान्याचे मालक स्वतः औषध घेऊन आले. त्या मंगळवारी आम्ही आत गेलो.

भिंतीवर पाच चित्रे होती. सर्वत्र चौकोन, रेघा आणि मध्येच एखादा गोळा. बाई एकातही नव्हती.

"पाठ दाखवा की!"

"आजोबा, हात लावू नका," बसवराज म्हणाले. "वरनं परवानगी लागती."

अण्णा एका पिवळ्या चौकोनासमोर थांबले. "आई हळद लई लावायची," असे म्हणून त्यांनी हात जोडले. मग दुसऱ्या चित्रातील गोळ्यास रहाट समजून हात जोडले. असे पाचही चित्रांसमोर झाले.

"अहो अण्णा, आई एक, चित्रं पाच!" मी हरकत नोंदविली.

"पाचात एक तर असंलच की! बाकीच्या चौघींना नमस्कार घडला, तर बिघडलं कुटं?"

जाता जाता त्यांनी भिंतीवरील सहाव्या चौकोनासही नमस्कार केला.

"आजोबा, त्यो लाइटीचा बोर्ड हाय!"

"असू द्या. पाठ कुणी बघितलीय?"

त्यानंतर बसवराज त्यांच्यासाठी स्टूल काढून ठेवू लागले, कारण अण्णांची पोटदुखी दर महिन्यास उद्भवू लागली. मी संग्रहालयास रीतसर अर्ज केला. अण्णांस वाचावयास दिला, तेव्हा त्यांनी प्रथम त्याची कोरी बाजू शांतपणे पाहिली. "बरं लिवलंय," म्हणाले.

पुढे दर सोमवारी ते टेबलाशी येऊन, "आलं का उत्तर?" एवढेच विचारीत. उत्तर आले नाही. गेल्या थंडीत अण्णा वारले. स्टूल अजून तेथेच आहे. बसवराज त्यावर कोणास बसू देत नाहीत.

तरी संग्रहालयाच्या मा. अधिकाऱ्यांस नम्र विनंती, की पाचही चित्रे एकवार भिंतीवरून उतरवून, कोणत्या पाठीवर अण्णांच्या आईचे नाव आहे, ते लेखी कळवावे. अर्जदार हयात नसल्याने उत्तर माझ्या टेबलावर पाठवावे. मात्र मजकूर कागदाच्या मागील बाजूस लिहावा. अर्जदार तीच बाजू आधी पाहत असत.