डाव्या हाताचं टायपिंग

आबांना झटका आला तेव्हा साखर कारखान्याचा हंगाम सुरू होता. कसबा बावड्यात हंगामात दोरीवरच्या कपड्यांवर काजळी पडते, मळीचा वास घरभर फिरतो आणि आमचे आबा, म्हणजे माझे वडील, रोज सकाळी त्यावर न चुकता तोंडसुख घेत. त्या वर्षी कुणीच काही बोललं नाही. आबांचा उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचाही गेली. नुसता घशातून आवाज यायचा. काही विचारलं की मान हलवायचे, पण हो म्हणायलाही तशीच आणि नाही म्हणायलाही तशीच. डॉक्टर म्हणाले, "समजत असावं. नक्की सांगता येत नाही. बोलत राहा त्यांच्याशी."

समजत असावं! या शब्दांवर घर कसं चालवायचं, ते कुठल्या डॉक्टरनं सांगितलेलं मला माहीत नाही. माणूस आत आहे की नाही, तेवढंच मला हवं होतं. औषधं, मालिश, पथ्यपाणी हे सगळं त्यानंतरचं.

आबांनी सगळं आयुष्य कोर्टाच्या आवारात टायपिंग करून काढलं. प्रतिज्ञापत्रं, अर्ज, करारनामे. टेबलावर मराठी टाइपरायटर, समोर लाकडी स्टूल आणि त्यावर रडवेला पक्षकार. टायपिंगच्या क्लासमध्ये त्यांना कळांवर कापड टाकून शिकवलं होतं म्हणे. कळांकडं बघणारा माणूस त्यांच्या लेखी अडाणीच. पुढं टाइपरायटरचे दिवस संपले, तेव्हा त्यांनी एक नेटबुक घेतलं. हे एवढंसं, वहीच्या आकाराचं. काही वर्षं पिशवीत घालून ते कोर्टात नेलं. मग मोठे कॉम्प्युटरवाले आले आणि आबा घरी बसले, नेटबुक कपाटावर गेलं.

ते मी खाली काढलं. बोलता येत नसेल तर लिहिता येईल, डावा हात तर चांगला आहे. पण त्यातली जुनी सिस्टीम सुरूच होईना. पडदा निळा व्हायचा, त्यावर एक गोल फिरत राहायचा आणि पडदा पुन्हा काळा. दुकानवाल्यानं हातात घेऊन खालीवर केलं आणि म्हणाला, "ताई, ह्ये भंगारात घाला की." मला राग आला. जुनं झालं, बंद पडलं की भंगार, हे त्या आठवड्यात मला ऐकवत नव्हतं. ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं सांगितलं, असल्या जुन्या मशीनवर लिनक्स चालतं, ती सिस्टीम हलकी असते. मग मीच पेनड्राइव्हवर ते उतरवून घेतलं आणि रविवारी सकाळी आबांच्या खाटेजवळ पाट मांडून बसले.

आबा बघत होते. मी त्यांना एकेक गोष्ट सांगत होते, कारण डॉक्टरनं बोलत राहा म्हटलं होतं. आता पेनड्राइव्हवरून सुरू केलं. आता विचारतंय, जुनं सगळं पुसू का? आबा, पुसू? मान हलली. पुसलं. भाषा विचारली, मराठी दिली. कीबोर्ड विचारला, तिथंही मराठीच दिसलं, तेच दिलं. पट्टी हळूहळू भरत गेली आणि मला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. सुरू झालं तेव्हा ते मरतुकडं मशीन पटकन उठून बसलं. मी लिहायचं पान उघडलं, आबांना लोडाला टेकवलं आणि नेटबुक त्यांच्या मांडीवर ठेवलं.

त्यांनी डावा हात कळांवर ठेवला. कळांवर नुसती इंग्रजी अक्षरं होती, पण ती त्यांनी कधी बघितलीच नव्हती. आताही बघितली नाहीत. नजर पडद्यावर, बोटं हळूहळू डावीकडून उजवीकडं. आई दारात उभी राहिली. जयसिंगपूरहून मामा आला होता, तोही आला.

पडद्यावर आलं ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं. काने, मात्रा, सुट्या वेलांट्या, मध्येच एखादं अक्षर. बोबड्या पोरानं पाटी गिरगटावी तसं. आबांनी त्या ओळीकडं बराच वेळ बघितलं. मग डाव्या हातानं झाकण मिटलं आणि तोंड भिंतीकडं केलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी जी भीती बघितली, ती झटका आला त्या दिवशीही नव्हती. स्वतःचं डोकं गेलं, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. निदान त्यांना तसं वाटलं. मलाही वाटलं.

मामाचा आवाज मुळातच शिवारात हाक मारल्यासारखा. तो तिथंच, खाटेजवळ उभा राहून म्हणाला, "ताई, दाजींचं डोस्कं बी गेलंय बघ. पोरी, कशाला त्या डब्याचा नाद करतीस?"

आपल्याकडं आजाऱ्याला भेटायला आलेली माणसं अशीच बोलतात. हातात शहाळं, बिस्किटाचा पुडा, आणि बोलणं आजाऱ्याच्या उशापाशी बसून, पण आजाऱ्याबद्दल. झोप लागते का, संडासला होते का, किती दिवस काढतील. महिनाभर आमच्या घरी हेच चाललं होतं आणि आई प्रत्येकाला तेच तेच सांगून दमली होती. त्या दिवशी ती खाटेच्या कडेला बसली, पदरानं डोळे पुसले आणि मामाला म्हणाली, "देवानं न्यायला पायजे हुतं ह्यास्नी. असं ठिवून काय मिळालं त्याला? माझ्यानं हुत न्हाय आता."

मी तिला गप्प केलं नाही. खरं सांगायचं तर मला ते वावगंही वाटलं नाही. रात्रंदिवस ती एकटी त्यांना उलथं-पालथं करत होती. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

पुढच्या रविवारी आबांनी डाव्या हातानं नेटबुककडं बोट केलं. मी नाइलाजानं दिलं. त्यांनी पुन्हा टाइप केलं, पुन्हा तोच कचरा. एंटर मारून पुन्हा केलं. पुन्हा. मी बाजूला बसून मटार सोलत होते, सहज नजर गेली आणि हातातली शेंग तशीच राहिली. तिन्ही ओळी एकसारख्या होत्या. अगदी काना-मात्रेसकट त्याच. ज्याचं डोकं ठिकाणावर नाही, तो तीच चूक इतकी नेमकी पुन्हा पुन्हा कशी करील?

मग डोक्यात प्रकाश पडला. आबांच्या बोटांना टाइपरायटर माहीत होता. तिथं जी कळ जे अक्षर उमटवते, ती या मराठी कीबोर्डवर भलतंच काहीतरी उमटवत होती. मी बापडी मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणारी. मराठी म्हणजे मराठी, तिची कळांवरची मांडणी वेगळी असते हे माझ्या गावीही नव्हतं. टायपिस्टची मुलगी मी, आणि काखेत कळसा! शोधलं तर टाइपरायटरची मांडणी मिळाली; जुन्या सिस्टीमवर आबांनी तीच घालून घेतली असणार, आणि ती मीच पुसली होती. ती घातली. एका हातानं शिफ्ट धरता येणार नव्हती, म्हणून ती एकदा दाबली की दबून राहील असंही केलं. आणि नेटबुक परत मांडीवर ठेवलं.

आबांनी टाइप केलं. हळू, पण एकही चूक नाही. कोर्टातल्यासारखी शुद्ध मराठी.

"मला सगळे समजते."

तिन्ही वेळा हेच लिहीत होते ते. मी मोठ्यानं हसले, रडलेही असेन. आईला हाक मारायला तोंड उघडलं, तर आबांनी हात वर करून थांबवलं आणि खाली आणखी एक ओळ घातली.

"तुझी आई त्या दिवशी बोलली त्यात काही चूक नाही. मला कळले हे तिला सांगू नये."

समजतं म्हटलं, की त्या दिवशीचंही समजलं हे आलंच. ज्यासाठी एवढा आटापिटा केला ती बातमी मिळाली, आणि ती घरात कुणाला सांगायची सोय नव्हती.

आई स्वयंपाकघरातून ओरडली, "काय गं? काय लिवलं का त्यांनी?"

"चहा मागतायत," मी म्हणाले. तोंडाला आलं ते बोलले.

आबांनी माझ्याकडं बघितलं. मग एक कळ दाबून धरली. ओळी मागं मागं सरकत गेल्या, पान कोरं झालं. त्या कोऱ्या पानावर त्यांनी लिहिलं, "चहा".

आत भांड्यांचा आवाज आला. आई स्वतःशीच बोलत होती, "मागत्यात बघ, तोंडानं न्हाय तर हातानं मागत्यात की." कितीतरी दिवसांनी तिचा आवाज तिचा वाटला. आलं ठेचलं, दूध जास्त घातलं आणि कपबशी घेऊन ती धावतच आली. चष्मा लावून तिनं पडद्यावरचं एक अक्षर वाचलं, मग दुसरं. "चहा," ती म्हणाली आणि लहान पोरीसारखी हसली.

मग हसू हळूहळू उतरलं. कप हातातच राहिला. ती आबांकडं बघत होती.

"म्हंजे समजतंय तुमास्नी?"

मी नेटबुकचं झाकण लावायला पुढं झाले, पण उशीर झाला होता.

"कवापासनं?" तिनं विचारलं.

आबांनी कळांवरचा हात उचलला आणि कप घ्यायला पुढं केला.